एकास सहा प्रमाणातले युद्ध: बाहुलीपटासाठी शहर उभारताना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश वीट साधारणपणे २२ सेंटिमीटर लांब, साडेदहा सेंटिमीटर रुंद आणि साडेसहा सेंटिमीटर जाड असे. १९४० च्या बाँबहल्ल्यांतले लंडन बाहुलीपटासाठी एकास सहा प्रमाणात उभारायचे ठरले, तर हीच वीट ३७ मिलिमीटर लांब, १७ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर जाड होते. म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढी. अशा विटा दहा लिटरच्या बादलीत सैलसर भरल्या, तर एका बादलीत सात-आठशे मावतात, आणि पडलेल्या एका घरासमोरचा ढिगारा दाखवायला एक बादली मुळीच पुरत नाही.

या हिशोबावरून कामाच्या व्यापाची कल्पना येते, परंतु ते अवघड का आहे हे मात्र त्यातून कळत नाही. चिकाटी असेल तर विटा हव्या तितक्या ओतता येतात. खरी अडचण अशी आहे की आपण घर सहा पटींनी लहान करू शकतो, रणगाडा लहान करू शकतो, शिपायाच्या कोटाचे बटणही लहान करू शकतो. परंतु गुरुत्वाकर्षण, पाण्याचा थेंब, धुळीचा कण, आगीची ज्योत आणि कॅमेऱ्याची भिंगे त्यांच्याबरोबर लहान होत नाहीत. एखादी प्रतिकृती पडद्यावर खेळण्यासारखी दिसते, तेव्हा तपशील कमी पडला असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा तपशील पुरेसा असतो. लहान व्हायला नकार देणाऱ्या या मंडळींपैकी कोणीतरी चुगली केलेली असते.

प्रमाण ठरते ते बाहुलीवरून

चित्रपटाचे प्रमाण दिग्दर्शक ठरवत नाही, इमारतीही ठरवत नाहीत. ते बाहुली ठरवते. बाहुली किती लहान करता येईल, याला तिच्या आत काय बसवायचे आहे याची मर्यादा असते. १९६५ साली ब्रिटनमध्ये प्रसारित होऊ लागलेल्या ‘थंडरबर्ड्स’ या मालिकेतल्या दोऱ्यांवरच्या बाहुल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश उंचीच्या होत्या. ध्वनिमुद्रित संवादानुसार ओठ हलवणारी विद्युत यंत्रणा त्यांच्या डोक्यात बसवलेली असल्यामुळे डोके शरीराच्या मानाने मोठे ठेवावे लागले. १९६७ च्या ‘कॅप्टन स्कार्लेट’मध्ये ती यंत्रणा छातीत हलवली, आणि मग बाहुल्यांचे डोके माणसाच्या डोक्याच्या प्रमाणात आले.

मोठ्या डोक्याची ही गोष्ट किरकोळ वाटते, परंतु नेपथ्य बांधणाऱ्याला ती पुढे फार छळते. अशा बाहुलीचे प्रमाण नेमके कोणते म्हणायचे? खुर्ची शरीराच्या मापाने करावी लागते, नाहीतर पाय जमिनीला टेकत नाहीत. शिरस्त्राण अर्थातच डोक्याच्या मापाचे लागते. दार शरीराच्या मापाचे केले तर डोके चौकट भरून टाकते, आणि डोक्याच्या मापाचे केले तर तेच दार वाड्याच्या दिंडीदरवाजासारखे दिसू लागते. व्यवहारात दोहोंमधले एक माप धरतात आणि हातात घ्यायच्या वस्तू, म्हणजे बंदूक, चहाचा पेला, टेलिफोनचा रिसीव्हर, पंजाच्या मापाने वेगळ्या करतात.

युद्धाच्या विषयासाठी एकास सहा हे प्रमाण सोयीचे पडते, याचे कारण निव्वळ व्यावहारिक आहे. १९६४ साली अमेरिकेत बारा इंची सैनिकी बाहुला बाजारात आला. तीस सेंटिमीटरला सहाने गुणले की १८० सेंटिमीटर, म्हणजे उंचापुरा शिपाई. तेव्हापासून या मापातल्या बंदुका, बूट, शिरस्त्राणे, पाण्याच्या बाटल्या आणि बिनतारी संच संग्राहकांसाठी सातत्याने तयार होत आले आहेत. ज्याला पलटणभर बाहुल्यांना गणवेश चढवायचा आहे, त्याच्या दृष्टीने हा मोठाच आधार आहे.

मात्र हेच प्रमाण शहराला लावून पाहिले की घाम फुटतो. स्पिटफायर विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे एकास सहामध्ये जवळजवळ १ मीटर ८७ सेंटिमीटर. हे कसेबसे जमते. तोफेसह साडेआठ मीटर लांबीचा टायगर रणगाडा १ मीटर ४० सेंटिमीटरचा होतो, तोही चालेल. शत्रूची विमाने खाली येऊ नयेत म्हणून लंडनच्या आकाशात तारांना बांधून सोडलेले रुपेरी फुगे सुमारे १९ मीटर लांब असत. त्यांतला एकच फुगा तीन मीटरच्या पुढे जातो. ट्रफल्गार चौकातला नेल्सनचा स्तंभ साडेआठ मीटरच्या वर जातो, आणि बिग बेनचा ९६ मीटरचा मनोरा १६ मीटरचा, म्हणजे पाच मजली इमारतीएवढा होतो. इतके उंच छत सहसा कोणत्याच स्टुडिओला नसते.

म्हणून एकाच दृश्यात अनेक प्रमाणे नांदवावी लागतात. बाहुल्यांच्या पायाखालचा रस्ता आणि दोन्ही बाजूंचे तळमजले एकास सहाचे, त्यामागची घरे एकास बाराची, त्यांच्या मागचे छपरांचे रांगोळीकाम एकास चोवीसचे, आकाशातले फुगे एकास बहात्तरचे, आणि शेवटी रंगवलेला पडदा. कॅमेरा एका जागी स्थिर असतो तोवर डोळ्याला हे सर्व एकच शहर वाटते. कॅमेरा बाजूला सरकला की बिंग फुटते, कारण मागची लहान घरे प्रत्यक्षात जवळच असल्यामुळे ती दूरच्या घरांपेक्षा फार लवकर मागे पडतात. त्यामुळे नेपथ्याच्या आराखड्यावर कॅमेरा कोठून कोठे सरकणार याची रेघ आधी आखतात आणि मगच पायाचे फळकूट कापतात. हे भान नसलेली मंडळी प्रथम सुंदर चौक बांधतात आणि नंतर कॅमेरा ठेवायला जागा शोधतात.

पडणारी भिंत आणि हलणारा रणगाडा

आता गुरुत्वाकर्षणाकडे वळू. बारा मीटर उंचीवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला सुमारे १.५७ सेकंद घेतो. एकास सोळा प्रमाणात तीच उंची ७५ सेंटिमीटर होते, आणि तेवढ्या उंचीवरून पडायला ०.३९ सेकंद पुरतो. म्हणजे वस्तू सोळा पटींनी लहान झाली, तर पडण्याचा काळ चार पटींनी लहान झाला. सोळाचे वर्गमूळ चार. म्हणूनच नेहमीच्या वेगाने चित्रित केलेली लहान भिंत पत्त्यांच्या बंगल्यासारखी झटकन कोसळते आणि पाहणाऱ्याला तिचे खरे माप कळून चुकते. उपाय असा की सेकंदाला २४ ऐवजी चौपट, म्हणजे ९६ फ्रेम टिपायच्या आणि त्या २४ च्या वेगाने दाखवायच्या. एकास सहा प्रमाणासाठी हाच आकडा सुमारे ५९ फ्रेम येतो. ‘थंडरबर्ड्स’च्या विशेष दृश्यांचे प्रमुख डेरेक मेडिंग्ज यांचा संघ स्फोट सेकंदाला १२० फ्रेमपर्यंतच्या वेगाने टिपत असे, पडद्यावर ते जड आणि संथ वाटतात, ते याच कारणामुळे.

या युक्तीला एक अट आहे. ज्या चौकटीत भिंत कोसळते, त्याच चौकटीत दोऱ्यांवर हलणारी बाहुली असेल तर तीही संथ होते आणि पाण्याखाली चालल्यासारखी दिसते. त्यामुळे कोसळणे आणि अभिनय सहसा वेगवेगळे टिपतात. एकेक फ्रेम थांबवून हालचाल करण्याच्या पद्धतीत तर पडणारी वीट हवेत टिपायची म्हणजे ती तारेवर टांगून प्रत्येक फ्रेमला थोडी खाली आणावी लागते, आणि खाली येताना तिचा वेग वाढत गेला पाहिजे, हे गणित ॲनिमेटरच्या बोटांत असावे लागते.

वजनाचा मामला याहून फसवा आहे, कारण लांबी सहा पटींनी घटली की घनफळ २१६ पटींनी घटते. टायगर रणगाड्याचे वजन सुमारे ५७ टन होते. त्याच घडणीचा एकास सहाचा रणगाडा बनवला तर तो २६० किलोच्या पुढे जाईल. परंतु आपण तो प्लायवूड, प्लास्टिक आणि थोड्या ॲल्युमिनियमचा बनवतो, त्यामुळे त्याचे वजन त्याच्या पासंगालाही पुरत नाही. असा हलका रणगाडा खड्ड्यावरून जाताना चेंडूसारखा उडतो. म्हणून त्याच्या पोटात शिशाचे तुकडे भरतात आणि चाकांच्या स्प्रिंगा मऊ ठेवतात. खाली खऱ्या मातीऐवजी दाबल्यावर ठसा धरणारे मिश्रण पसरतात, म्हणजे पट्ट्यांची खूण खोल उमटते. प्रेक्षक वजन पाहू शकत नाही; तो जमिनीवर उमटलेला परिणाम पाहतो आणि त्यावरून वजन ठरवतो.

पाणी मात्र कशालाच दाद देत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताणाने ठरतो, आणि पृष्ठताणाला आपल्या प्रमाणाशी काहीही देणेघेणे नाही. त्यामुळे लहान जहाजाच्या नाळेवर उडणारा थेंब पडद्यावर नारळाएवढा वाटतो. पाण्यात साबणद्रव घालून पृष्ठताण कमी करणे, पंख्याने पृष्ठभागावर बारीक लहरी उठवणे आणि प्रतिकृती शक्य तितकी मोठी बांधणे, एवढेच उपाय हाती आहेत. १९४२ साली, युद्ध चालू असतानाच, जपानच्या तोहो स्टुडिओत एइजी त्सुबुराया यांनी पर्ल हार्बरवरील हल्ल्याचे प्रसंग जहाजांच्या प्रतिकृतींवर चित्रित केले. तो बाहुलीपट नव्हता, परंतु पाण्याशी झुंजण्याचे हेच प्रश्न त्यांच्यापुढेही होते. माझे मत विचाराल तर बाहुलीपटाच्या कथेत समुद्र आला की लेखकालाच विनंती करावी, की प्रसंग बंदरातल्या कचेरीत घडवता येईल का ते पाहा.

धुळीसाठी चित्रपटसृष्टीचे जुने औषध म्हणजे मुलतानी माती. तिचे कण अतिशय बारीक असल्यामुळे ती हवेत बराच वेळ तरंगते आणि मोठ्या इमारतीच्या धुरळ्यासारखी दिसते. ती श्वासात जाऊ नये म्हणून मास्क लावणे आवश्यक असते, हे सांगायलाच हवे. ज्योतीला असे औषध नाही. लहान घराच्या खिडकीतली खरी ज्योत मेणबत्तीसारखीच फडफडते. म्हणून आता आग वेगळी, मोठ्या आकारात, अधिक वेगाने चित्रित करून नंतर दृश्यात मिसळतात, आणि प्रतिकृतीच्या खिडकीत फक्त लुकलुकणारा नारिंगी दिवा ठेवतात.

मोडण्यासाठी बांधायचे

युद्धपटाच्या प्रतिकृतिकाराचे सर्वांत रोचक काम म्हणजे अवशेष. नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते: तो अखंड घराची पेटी करतो, वरचा कोपरा करवतीने वाकडातिकडा कापतो आणि कापलेल्या कडेला काळा रंग देतो. त्यातून बाँब पडलेले घर तयार होत नाही. उंदराने कुरतडलेला खोका तयार होतो. घर कसे मोडते हे दाखवायचे असेल, तर ते कसे बांधलेले होते हे ठाऊक असावे लागते.

त्या काळच्या लंडनमधले सामान्य घर म्हणजे विटांच्या भिंती, भिंतीत रोवलेल्या लाकडी तुळया, तुळयांवर फळ्यांची जमीन, खालून अरुंद लाकडी पट्ट्यांवर थापलेला गिलावा, खोलीच्या भिंतीवर नक्षीचा कागद आणि वर पाटीच्या दगडाचे छप्पर. जवळ पडलेल्या बाँबच्या दाबाने पुष्कळदा दर्शनी भिंत तेवढी निघून जाई आणि मागचे घर उघडे पडे. पडद्यावर हे खरे वाटायचे असेल, तर हे सर्व थर प्रतिकृतीत खरोखर असावे लागतात. तुळया तुटतात तेव्हा त्यांचे तंतू लांबट चिरफाळतात, म्हणून त्या कापायच्या नसतात, हातांनी मोडायच्या असतात, आणि त्यासाठी बारीक रेषांचे लाकूड निवडावे लागते. गिलावा सुटतो तेव्हा मागच्या पट्ट्या फासळ्यांसारख्या दिसू लागतात. कागद लोंबतो. वरच्या मजल्यावरची शेकोटी जमीन खाली गेली तरी धुराड्याच्या भिंतीला तशीच चिकटून राहते. शिशाची नळी तुटत नाही, वाकते. प्रत्येक पदार्थ आपापल्या स्वभावाने मोडतो आणि अवशेषाची विश्वासार्हता त्या स्वभावात असते.

रंगाचीही एक गंमत आहे. कोळशाच्या धुराने लंडनच्या भिंती बाहेरून काळवंडलेल्या होत्या, परंतु तिथली पुष्कळशी वीट मुळात पिवळसर होती. त्यामुळे ताजी पडलेली भिंत बाहेरून काळी आणि तुटलेल्या जागी फिकट दिसते. हे साधायचे तर विटा रंगवून चालत नाही. सिलिकॉन रबराच्या साच्यात प्लास्टर ओततानाच त्यात पिवळसर रंगपूड मिसळतात, भिंत रचून झाल्यावर बाहेरच्या बाजूला काजळीचा पातळ हात देतात, आणि मग ती मोडतात. प्रत्येक वीट सुटी ओतण्याची चैन मात्र कॅमेऱ्याच्या नाकासमोरच्या हातभर पट्ट्यापुरतीच ठेवायची. त्यामागे दाब देऊन विटांची नक्षी उठवलेले फोमचे पत्रे, आणि त्याच्याही मागे नुसता रंग पुरतो.

प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर कोसळणारी भिंत आणखी वेगळी. ती कोठे फुटावी हे आधी ठरवून मागच्या बाजूने खाचा पाडलेल्या असतात, विटा कमजोर गोंदाने जोडलेल्या असतात, आणि स्फोटाचे काम परवाना असलेल्या तज्ज्ञाकडेच असते. पुष्कळ ठिकाणी आता स्फोटकांऐवजी दाबाखालची हवा आणि दोऱ्यांचे झटके वापरतात. एक भिंत एकदाच कोसळते, म्हणून साचे जपून ठेवून दर्शनी भिंतीचे दोन-तीन संच तयार करतात आणि कॅमेरे एकाहून अधिक लावतात.

इमारतीबरोबर काळही उभा करायचा असतो, आणि तो बारीक खुणांतून होतो. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ पासून रात्रीचा काळोख सक्तीचा झाला. अंधारात ठेच लागू नये म्हणून पदपथांच्या कडा आणि झाडांची खोडे पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवली गेली. मोटारींच्या दिव्यांवर फटी ठेवलेली झाकणे बसली. खिडक्यांच्या काचांवर कागदी पट्ट्यांच्या फुल्या चिकटल्या. टपालपेट्यांच्या माथ्यावर विषारी वायू आल्यास रंग बदलणारा पिवळसर-हिरवा लेप होता. १९४० मध्ये आक्रमणाच्या भीतीने रस्त्यांवरच्या दिशादर्शक पाट्या काढून घेतल्या. यांतली एखादी खूण चुकली तरी फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, परंतु चार-पाच खुणा बरोबर असल्या की ते वर्ष कोणते हे संवादातून सांगावे लागत नाही. आणि या सर्वांवर मळ हवा. मळ सरसकट फवारायचा नसतो: पावसाचे ओघळ खिडकीच्या चौकटीखालून निघतात, चिखल चाकाच्या मागे उडतो, तेल इंजिनच्या झाकणाच्या सांध्यातून झिरपते, हात लागतो तिथला रंग झिजतो.

कॅमेरा किती खाली ठेवायचा

माणसाच्या डोळ्याची उंची सुमारे १ मीटर ६० सेंटिमीटर. एकास सहाच्या जगात ती २७ सेंटिमीटर होते, आणि कॅमेरा त्या पातळीवर आणला की रस्ता अचानक रस्ता वाटू लागतो. अडचण अशी की भिंग लहान वस्तूंच्या इतके जवळ गेले की मोजकाच भाग स्पष्ट राहतो आणि पुढचे-मागचे सारे धूसर होते. ही धूसरता आपल्याला जवळून टिपलेल्या किड्यांच्या छायाचित्रांतून परिचित असल्यामुळे मेंदू ताबडतोब वस्तू लहान असल्याचा निर्णय देतो. म्हणून भिंगाचे छिद्र शक्य तितके बारीक करतात. मग प्रकाश कितीतरी पटींनी जास्त लागतो, आणि वेग वाढवला असेल तर आणखी. पूर्वीच्या तापणाऱ्या दिव्यांखाली मेण आणि प्लास्टिक मऊ पडत असे. आताच्या एलईडी दिव्यांनी तो त्रास बराच कमी झाला आहे. एकेक फ्रेम टिपण्याच्या पद्धतीत मात्र वस्तू स्थिर असल्यामुळे प्रकाश वाढवण्याऐवजी प्रत्येक फ्रेमला एक-दोन सेकंदही देता येतात.

दूरची घरे फिकी पडतात ती मधल्या हवेमुळे, आणि स्टुडिओत चार मीटरांत तितकी हवा नसते. ती कमतरता घरांच्या रांगांमध्ये झिरझिरीत जाळीचे पडदे ताणून किंवा विरळ धूर सोडून भरून काढतात. त्याच कारणाने लहान प्रतिकृतीवर निखळ काळा किंवा चकचकीत रंग देत नाहीत. रणगाड्याचा खरा हिरवा रंग डब्यातून जसाच्या तसा लावला तर तो गडद आणि खोटा दिसतो, त्यात थोडा राखाडी मिसळावा लागतो.

उरला तो चित्रीकरणाचा क्रम. कथेत काहीही असो, अखंड रस्त्याची सर्व दृश्ये आधी, काचा फुटलेली नंतर, आणि संपूर्ण पडझड शेवटी घेतात, कारण मळ आणि भगदाडे मागे घेता येत नाहीत. प्रत्येक टप्प्यावर छायाचित्रे काढून कोणती वीट कोठे पडली याची नोंद ठेवतात. शेवटचे दृश्य झाले की ढिगारा चाळणीतून काढून मुलतानी माती वेगळी करतात, आणि शाबूत राहिलेल्या विटा पुढच्या रस्त्यासाठी पोत्यांत भरतात.